‘मी पण अनगोळचाच की!’ : एका पोशाखापायी गेलेले ३,८५० रुपये

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. बेळगावच्या कॅम्पात ख्रिसमसचे तारे लागले होते आणि मी टिळकवाडीतल्या खोलीत ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा ऑनलाइन गेम उघडून त्यातल्या लुलू या पात्राच्या ‘विंटर वंडर’ पोशाखाकडे टक लावून बसलो होतो. पोशाखानं पात्राची ताकद काडीनं वाढत नाही, ते नुसतं वेगळं दिसतं. पण दुकानात तो ठरावीक दिवसच असतो, आणि तेवढ्यावरच जीव टांगणीला लागतो. (माझं वय सत्तावीस. हसायचं तर हसा.)

चॅट ग्रुपवर एकानं टाकलं: सणाचे तीन पोशाख अर्ध्या किमतीत गिफ्ट करतो. मी बेळगावच्या अनगोळचा, तू कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “मी पण अनगोळचाच की रे. तू काय करालायस, कॉलेज?” ते ‘करालायस’ वाचलं आणि माझी अक्कल तिथंच गहाण पडली. पुण्या-मुंबईच्या माणसाच्या बोटांतून तो शब्द यायचा नाही, म्हणजे हा आपलाच! पुढं कुंद्यावर, आमच्या बेळगावच्या मिठाईवर, गप्पा झाल्या, तिसऱ्या रेल्वे गेटावरच्या गर्दीला शिव्या घालून झाल्या.

१,८५० रुपये यूपीआयनं धाडले. स्क्रीनवर भलतंच नाव आलं. “मामाचा नंबर हाय.” बरं.

या गेममध्ये गिफ्ट पाठवायला आधी एक दिवस तरी फ्रेंडलिस्टमध्ये असावं लागतं. नियम खरा आहे, म्हणून तर मी निवांत होतो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, तुझा रीजन (गेमचा विभाग) वेगळा दिसतोय, गिफ्ट अडकलंय. आणखी २,००० टाक आणि ईमेलवर आलेला कोड सांग. मी जरा कचरलो. “इस्वास नाही व्हय?” या प्रश्नाला आपल्याकडं कोण ‘नाही’ म्हणतो? दिले पैसे, दिला कोड. गिफ्ट घ्यायला कसला कोड? तो लॉगिनचा होता. दहा मिनिटांत अकाउंटचा पासवर्ड आणि ईमेल दोन्ही बदललेले.

लाजेनं दोन दिवस आईलाही सांगितलं नाही. पैशांपेक्षा महागात पडली ती ही लाज. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. मी केला तोवर ती काढून झाली होती. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, “यावाग आतु?” (कधी झालं?) माझ्या मोडक्या कानडीत मी ‘पोशाख’ समजावू लागलो. “बट्टे?” म्हणाले. कपडे मागवले आणि पार्सल आलं नाही, असा त्यांचा समज झाला. तो दूर करायला अर्धा तास गेला. ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट होते, म्हणून तक्रार तरी नीट लिहिली गेली. जुन्या खरेदीच्या पावत्या दाखवून अकाउंट तीन आठवड्यांनी परत मिळालं.

यंदा लुलूचा तोच पोशाख दुकानात पुन्हा आलाय. ग्रुपवरही एकानं कालच टाकलंय: अर्ध्या किमतीत, मी शहापूरचा.