ॲनेट ओब्रेस्टाड की व्हनेसा सेल्ब्स्ट?

दोघीही पोकरमधल्या भारीच, पण करिअर म्हणून बघाल तर माझं मत व्हनेसाला. ॲनेट नॉर्वेची, शाळकरी वयात ऑनलाइन फुकटच्या टूर्नामेंट खेळून पैसे उभे केले आणि २००७ ला लंडनमध्ये डब्ल्यूएसओपी (वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, पोकरची सगळ्यात मोठी स्पर्धा-मालिका) युरोपची मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धा मारली, तेही एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १० लाख पाउंड! (लास वेगासात तर तेव्हा टेबलावर बसूही दिलं नसतं, तिथे २१ पूर्ण लागतात.) पण तेवढं मोठं परत काही झालं नाही. व्हनेसा येलमधून लॉ केलेली, खेळ एकदम आक्रमक, ब्लफ (हातात चांगले पत्ते नसताना मोठी बोली लावून समोरच्याला फसवणं) तर विचारूच नका, २००८, २०१२, २०१४ अशी तीन ब्रेसलेट (डब्ल्यूएसओपीची स्पर्धा जिंकल्यावर मिळतं ते), १ कोटी डॉलरच्या वर कमाई आणि जागतिक रँकिंगमध्ये एकेकाळी चक्क नंबर एक. नंतर ती पोकर सोडून हेज फंडात (बड्या गुंतवणूकदारांचा पैसा गुंतवणारी कंपनी) गेली म्हणा.