‘पडलं तरी हाड मोडणार नाही’ म्हणून विकलेली फरशी

आई मार्चमध्ये हॉस्पिटलातच पडली. शुगर वाढली म्हणून ॲडमिट केलं होतं. सकाळी मावशी पोछा मारून गेल्या, फरशी ओलीच होती, आणि आई पायात मोजे घालून बाथरूमकडे निघाली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वय ७९.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी औषधाच्या दुकानापाशी एका माणसाने मला गाठलं. "काका, बा माटे तो आ ज लेवानुं." म्हणजे, आईसाठी तर हेच घ्यायचं. परदेशात हॉस्पिटलांमध्ये बसवतात ती धक्का शोषणारी फरशी, पडलं तरी हाड मोडणार नाही, लिहून देतो म्हणाला. चार रात्री मी झोपलो नव्हतो. मला तेवढंच ऐकायचं होतं.

आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, जुनं. खोलीत आणि मोरीत रफ कोटा, म्हणजे पॉलिश न केलेली कोटा दगडाची फरशी. १० बाय १२ च्या खोलीला चौरस फुटामागे २४० रुपये, मोरीतल्या ‘अँटी-स्किड कोटिंग’चे ६,००० वेगळे. एकूण ३४,८००. त्यातले १०,००० फोनवरून दिले, बाकी रोख. बिल मागितलं तर म्हणाला, १८ टक्के जीएसटी वर पडेल. मी गप्प बसलो. बिल तेव्हाच हट्टाने घ्यायला हवं होतं.

आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अरे, गादीवर चालल्यासारखं वाटतंय. जमीन कुठे लागते तेच कळत नाही." सवय होईल, असं मीच तिला म्हणालो. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताई आल्या. त्यांनी वॉकर उचलला, तर खाली चार पायांचे चार खड्डे, आणि ते भरून येईनात. त्या म्हणाल्या, "काका, तोल तपासायचा असला की आम्ही पेशंटला मुद्दाम फोमवर उभं करतो, कारण त्यावर तोल सांभाळणं अवघड असतं. तुम्ही आजींना दिवसभर त्यावरच चालवताय."

त्याच संध्याकाळी नव्या फरशीच्या सांध्यावरची पट्टी निघाली, आईच्या पायाचा अंगठा त्यात अडकला. बायकोने धरलं म्हणून वाचली, पण मनगट मुरगळलं. मी कोपरा उचकटून पाहिला. वर पातळ व्हायनिल, म्हणजे प्लास्टिकची शीट, खाली फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा फोम, आणि त्यावर ‘फ्रॅजाइल’ छापलेली चिकटपट्टी तशीच.

मग चौकशी केली. हॉस्पिटलातलं व्हायनिल साधारण २ मिलिमीटरचं असतं, सांधे गरम करून वितळवून जोडलेले, कडेने भिंतीवर चार बोटं चढवलेलं. धक्का शोषणाऱ्या फरश्या खरोखर आहेत, पण हाड मोडणारच नाही असं कोणी प्रामाणिक माणूस सांगू शकत नाही. कॅनडात वृद्धांच्या एका निवासात १५० खोल्यांवर चार वर्षं अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो छापून आला. तसा थर असलेल्या आणि नसलेल्या खोल्यांत गंभीर दुखापतींच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

त्या विक्रेत्याने मोबाइलवर ‘आर ११’ असं, फरशी घसरत नाही याचं प्रमाणपत्रही दाखवलं होतं. ती चाचणी तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून करतात. ओल्या मोरीत अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी असते. आणि मोरीतलं ते कोटिंग म्हणजे नुसतं चकचकीत पॉलिश निघालं. आमचा रफ कोटा मुळात खरखरीत होता, पाय धरून ठेवायचा. त्याने तोच गुळगुळीत करून ठेवला. कोणी असं काही विकायला आलं तर आधी तुकडा मागून घ्या, त्यावर साबणाचं पाणी ओता, वॉकर टेकवून बघा.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे. हातात बिल नाही, पण १०,००० पाठवल्याची नोंद आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज आहेत, ते जपून ठेवलेत. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते.

फोम काढून टाकला. मोरी दोन दिवस घासली, तेव्हा कोटा पुन्हा हाताला खरखरीत लागला. आई आता त्यावरूनच चालते, मागे पट्टा असलेली रबरी चप्पल घालून. काल औषधं आणायला गेलो, तर काउंटरवर त्याची कार्डं अजून ठेवलेली आहेत. निळी, वर काठी टेकलेल्या आजोबांचं चित्र.