एड्सवरचा चिनी काढा आणि ‘निगेटिव्ह’चा कागद

तपकिरी कागदाच्या तीस पुड्या, म्हणजे महिन्याचा कोर्स. पुडीत दहा-पंधरा जिन्नस: हुआंगछी नावाच्या मुळाचे पिवळसर काप, ज्येष्ठमध, थ्यानहुआफेन म्हणजे पडवळाच्या गणातल्या एका वेलीच्या कंदाच्या पांढऱ्या चकत्या, आणि उरलेला भुगा, ज्याचं नाव कोणी सांगत नाही. मातीच्या भांड्यात दोनदा उकळायचं, दोन्ही पाणी एकत्र करायचं, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. इथवर हा चीनमधल्या कुठल्याही जडीबुटीच्या दुकानातला काढा झाला. खोट येते ती पुडीसोबत सांगितलेल्या वाक्यात: “तीन महिन्यांत रिपोर्ट निगेटिव्ह. तोवर सरकारी गोळ्या बंद.”

या वाक्याला हेनान प्रांतात गिऱ्हाईक तयारच होतं. 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथल्या खेड्यांत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर भाग, विकत घेणारी केंद्रं निघाली. एका रक्तगटाच्या अनेक माणसांचं रक्त एकत्र करून यंत्रात फिरवायचे, प्लाझ्मा काढून घ्यायचे आणि उरलेल्या तांबड्या पेशी पुन्हा त्यांच्याच शिरांत सोडायचे. अंगात रक्त कमी पडलं नाही की माणूस लवकर परत विकायला येतो, हा हिशोब. खेपेला 40-50 युआन मिळत. एकाच्या रक्तातला एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, असा सगळ्यांत वाटला गेला. शांगछाय काउंटीतलं वनलोउ हे गाव त्यामुळेच जगाला माहीत झालं. झेंगझोऊच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. गाओ याओजिए स्वतःच्या पैशाने माहितीपत्रकं छापून अशा गावांत वाटत फिरल्या, आणि त्यांना रक्तकेंद्रांइतकंच एड्स बरा करून देतो म्हणणाऱ्या भोंदूंशीही झगडावं लागलं.

2003 नंतर चीन सरकारने मोफत औषधं सुरू केली, पण त्यामुळे भोंदूंचा धंदा बसला नाही. सुरुवातीच्या गोळ्यांत डीडीआय नावाचं औषध होतं. ते उपाशीपोटी घ्यायचं, मळमळ आणि जुलाब ठरलेले. डी4टी होतं, त्याने पाय जळजळायचे, हातापायांना मुंग्या यायच्या. शेतात राबणाऱ्या माणसाला सरकारी गोळीने आडवं पाडलं आणि काढ्याने जेवण जाऊ लागलं, तर तो कशावर भरवसा ठेवणार? त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

काढ्याने ‘बरं वाटतं’ हे खोटं नसतं, कारणं वेगळी असतात. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत येणारा ताप आपोआप उतरतो आणि पुढे उपचाराशिवायही सरासरी आठ-दहा वर्षं माणूस वरवर धडधाकट राहतो. या काळात दिलेलं काहीही ‘लागू पडतं’. ज्येष्ठमध भरपूर आणि बरेच दिवस पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि काट्यावर वजन मात्र वाढलेलं दिसतं. न सांगितलेल्या भुग्यात स्टेरॉइड दळलेलं असेल तर भूक खवळते, चेहरा गोल होतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. एचआयव्ही असलेल्या माणसाला गुपचूप दिलेलं स्टेरॉइड म्हणजे क्षयाला दार उघडून देणं.

खरी मेख कागदात असते. तो वाचायला शिकायला हवं.

नेहमीची एचआयव्ही चाचणी अँटीबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, शोधते. एकदा लागण पक्की झाली की उत्तम उपचार चालू असतानाही ही चाचणी बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच येते. म्हणजे तीन महिन्यांत हातात पडलेला निगेटिव्ह कागद एक तर दुसऱ्याच्या रक्ताचा असतो, नाहीतर नुसता छापलेला. हा झाला ओबडधोबड प्रकार. सफाईदार प्रकारात गिऱ्हाईक निवडूनच घेतात: सहा महिने, वर्षभर सरकारी गोळ्या नीट घेतलेला माणूस. त्याला काढा सुरू करून महिन्याभरात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, करायला पाठवतात. कागदावर ‘विषाणू आढळला नाही’ असं येतं, आणि ते खरंच असतं. लॅब खरी, रक्त त्याचंच, शिक्काही खरा. फक्त श्रेय काढ्याला जातं. मग गोळ्या बंद. विषाणू पेशींमध्ये दडून बसलेला असतोच. बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत तो रक्तात परततो, आणि त्या वेळी अंगाला काहीही जाणवत नाही. पुढची चाचणी मागितली की उत्तर ठरलेलं: “औषध मुरू द्या, सहा महिने सुई टोचायची नाही.” हे वाक्य कानावर पडलं की उठून चालू लागावं.

सीडी4चा, म्हणजे एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारपेशींचा, एकच आकडा दाखवणाराही तसलाच. 310चे 380 होणं सकाळ-संध्याकाळच्या फरकाने किंवा सर्दी ओसरल्यानेही होतं. व्हायरल लोडशिवाय या आकड्यावर उड्या मारायचं कारण नाही.

चीनमध्ये पाकिटावरचा परवाना क्रमांकही बघावा लागतो. मंजूर औषधावर ‘ग्वोयाओ झुन्झी’, त्यापुढे एक रोमन अक्षर (पारंपरिक औषधाला झेड, रासायनिक औषधाला एच) आणि आठ अंक असतात. फसव्या पाकिटावर क्रमांक असतोच, पण त्यात ‘शि’ म्हणजे खाद्यपदार्थ किंवा ‘शियाओ’ म्हणजे जंतुनाशक असं चिन्ह असतं. म्हणजे फरशी पुसायच्या द्रावणाच्या वर्गातला परवाना, आणि दावा एड्स बरा करण्याचा.

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ ही पुढची थाप. थ्यानहुआफेनमधलं ट्रायकोसँथिन हे प्रथिन काचेच्या बशीत विषाणूला रोखतं, असं 1989मध्ये प्रसिद्ध झालं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत रुग्णांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याची इंजेक्शनं चोरवाटेने आणून टोचून पाहिली. काहींच्या मेंदूवर परिणाम झाला, कोमापर्यंत गेले; औषध म्हणून ते कधी उभं राहिलं नाही. शिवाय ते प्रथिन आहे. उकळून प्यायल्यावर पोटात डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाणार.

एक मात्र कबूल करायला हवं. एड्सग्रस्तांना पारंपरिक औषधं देण्याचा कार्यक्रम चीन सरकारनेच 2004मध्ये पाच प्रांतांत सुरू केला, हेनान त्यात होतं. भोंदू याच कार्यक्रमाचा फोटो भिंतीवर लावतो. पण थकवा, जुलाब, खोकला कमी व्हावा म्हणून देणं वेगळं आणि विषाणू घालवतो म्हणणं वेगळं. वनस्पतिजन्य औषधांच्या 9 चाचण्या, 499 रुग्ण तपासून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2005च्या आढाव्याने भरवसा ठेवावा असा पुरावा नसल्याचंच म्हटलं.

आपल्याकडे पुडीवरचं नाव बदलतं, वाक्य तेच. औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये एड्स आहे; त्यातले रोग बरे करतो असा दावा औषधाला करता येत नाही. म्हणजे लेबलवर तो छापलेला दिसला तर तिथेच प्रश्न मिटला. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, मिळणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोविर 300, लॅमिवुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम असतं. शिंपल्याची पूड, शंखभस्म, लोहभस्म, अँटासिड यांतली खनिजं डोल्युटेग्राविरला आतड्यातच धरून ठेवतात. म्हणून गोळी यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. टेनोफोविरचा भार किडनीवर असतो, आणि अरिस्टोलोकिया वर्गातल्या चिनी मुळ्या किडनी कायमची निकामी करतात. बेल्जियममध्ये 1990च्या सुमारास वजन घटवायच्या चिनी औषधात दुसऱ्या मुळीच्या जागी नेमकी अशीच मुळी आली होती.

गोळ्या बंद करून बसला असाल तर पहिली भीती केंद्रातल्या ओरड्याची असते. ओरडा खाऊन घ्या. कोणत्या तारखेपासून गोळी सोडली ते लिहून न्या, आणि पुडी फेकू नका, भुग्यासकट डॉक्टरांपुढे ठेवा. व्हायरल लोड, क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) आणि हिपॅटायटिस बी (यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग) या तीन चाचण्या मागा. हिपॅटायटिस बी असेल तर टीएलडीतली दोन औषधं तोही दाबून ठेवत असतात, आणि ती अचानक बंद झाल्यावर आधी यकृत बिघडू शकतं. डोळे पिवळे दिसत असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. काढ्यात स्टेरॉइड असण्याचा संशय असेल तर तेही आधी सांगा: महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं.