मायसाठी नेब्युलायझर घेतली त्याला नऊ महिने झाले, अनुभव सांगतो

नेब्युलायझर म्हणजे दम्यासारख्या आजारात औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारी मशीन. मागच्या ऑक्टोबरमध्ये घेतली, सोयाबीनची मळणी चालू होती तेव्हा. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. खळ्यावर थ्रेशर चालू होतं अन् भुसाची धूळ पार घरापर्यंत येत होती, त्याच रात्री मायचा दम एवढा वाढला की तिला खाटेवर पाठ टेकवता येईना, दोन्ही हात गुडघ्यावर रोवून बसून राहिली अन् छातीतून नुसती शिट्टी. मोटरसायकलवर मधात बसवून दवाखान्यात नेलं, तिथल्या सिस्टरनं मशीन लावली अन् अर्ध्या तासात माय सरळ बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार. मी म्हटलं साहेब तिनं जन्मात बिडीला हात लावला नाही, तर म्हणाले चुलीचा धूर काय कमी असते का? चाळीस वर्षं पऱ्हाटी अन् तुराटी जाळून स्वयंपाक केला तिनं. गॅस आहे घरी, पण भाकर अन् आंघोळीचं पाणी तेव्हा चुलीवरच होतं.

मशीन कंप्रेसरवाली, मेडिकलमधून 1800 रुपयाला पडली. आवाज करते, स्प्रे पंपासारखी घरघर, पण त्याची सवय होते. बॅटरीवरच्या छोट्या मेश मशीनी (बारीक जाळीतून औषध उडवणाऱ्या) पण मिळतात, आवाज नाही, पण महाग. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनीच्या कंपनानं तुषार करणारी, घेऊ नका म्हणून डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, कारण मायला ब्युडेकॉर्ट (श्वासनळ्यांची सूज कमी करायचं औषध) चालू आहे अन् त्यातलं ब्युडेसोनाइड पाण्यात विरघळलेलं नसते, बारीक कण तरंगत असतात, त्या मशीनीत ते नीट उडत नाही.

एक गोष्ट आधी सांगतो, आमच्याइकडं सगळे याला वाफेची मशीन म्हणतात. ही वाफ नाही जी! सर्दीला घेतो ते गरम पाण्याचं भांडं वेगळं. शेजारच्या काकूनं औषधाची कुपी त्या वाफेच्या भांड्यात टाकली होती, त्याचा काही उपयोग नाही. नेब्युलायझरमधून थंड तुषार निघते, हवेच्या जोरानं औषधाचे एवढे बारीक थेंब होतात, 1 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तेवढे बारीक असले तरच फुफ्फुसात खोल जातात, मोठे थेंब घशातच चिकटून राहतात.

आता मुख्य. पहिले दोन महिने आम्ही मशीन चुकीची वापरली अन् मशीन बेकार निघाली म्हणून मेडिकलवाल्याशी भांडायला पण गेलो होतो. माय खाटेवर आडवी, मास्क नाकाच्या बाजूनं ढिला, अन् पूर्ण वेळ आमच्याशी बोलणं चालू. धूर तर मस्त निघताना दिसायचा, म्हणून वाटायचं औषध जाऊन राहिलं. ते सगळं घरातल्या हवेत जाऊन राहिलं होतं! अन् एक दिवस म्हणते, "बावा, डोयाले धुरकट दिसून राह्यलं." मी घाबरलो, वाटलं मोतीबिंदू झाला. डॉक्टरनं विचारलं मास्क घट्ट बसते का, मग समजलं. मायचं दुसरं औषध ड्युओलिन, दम मोकळा करायचं, त्यात इप्राट्रोपियम असते, ते वरून डोळ्यात गेलं की बाहुली मोठी होते अन् धूसर दिसते. काचबिंदू असलेल्या माणसाला तर हे लयच वाईट, त्यांनी आधी डॉक्टरला सांगाच.

त्या दिवशी सिस्टरनं मायला स्टुलावर ताठ बसवलं, मास्क काढून माउथपीस दिला. दातात धरायचा, ओठ बंद, तोंडानं हळू श्वास घ्यायचा, मधात एखादा खोल श्वास घेऊन क्षणभर थांबायचं, नाकानं घ्यायचा नाही कारण नाक औषध गाळून टाकते. औषधाचा कप उभा धरायचा, वाकडा केला की तुषार बंद पडते. अन् शेवटी कपातून फुरफुर आवाज यायला लागला की बोटानं कपाला टिचक्या मारायच्या, भिंतीला चिकटलेले थेंब खाली येतात अन् परत तुषार सुरू होते. तरी थोडं उरतेच. आमची कुपी अडीच मिलीची, त्यातलं जवळपास 1 मिली कपातच राहिलं तर फुफ्फुसात जाईल काय? म्हणून डॉक्टरनं नॉर्मल सलाइन (मेडिकलमधलं निर्जंतुक मिठाचं पाणी) टाकून चार मिलीपर्यंत करायला सांगितलं. मनानं साधं पाणी टाकू नका, दम वाढू शकते. सगळं दहा-बारा मिनिटात होते. तेच औषध, तीच मशीन, पण त्या आठवड्यापासून माय रात्री झोपायला लागली. लहान लेकरांना मास्कच लागते, पण घट्ट बसवा, अन् लेकरू रडून राहिलं तर औषध खूप कमी जाते, आधी शांत करा.

ब्युडेकॉर्ट स्टेरॉइड आहे, घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, मास्क असेल तर तोंड पण धुवायचं. हे आम्ही विसरलो अन् डिसेंबरमध्ये मायच्या जिभेवर पांढरा थर आला, तिखट लागेना तिला, भाकर दुधात कुस्करून खायची. आता चूळ भरल्याशिवाय चहा देत नाही. हात थरथरणं, छातीत धडधड हे पण होते थोडा वेळ, ते ड्युओलिनमधल्या दम मोकळा करायच्या औषधानं, जास्त झालं तर सांगायचं.

लाइटचा त्रास आमच्याइकडं सगळ्यात मोठा. व्होल्टेज कमी असलं की तुषार एकदम पातळ, दहा मिनिटाचं काम पंचवीसवर जाते. इन्व्हर्टर घेतला, मशीनच्या मागे वॅट लिहिलेले असतात ते पाहूनच घ्या. अन् डॉक्टरनं इनहेलर (तोंडात औषधाचा फवारा मारायचा छोटा पंप) अन् त्याला लावायचा स्पेसर, म्हणजे प्लॅस्टिकचं नळकांडं, पण दिला, म्हणाले नीट घेतला तर तो पण तेवढंच काम करते. शेतात, लग्नाला, लाइट गेल्यावर तोच चालतो. खरं सांगू, मशीन घ्यायच्या आधी डॉक्टरला हे विचाराच, बऱ्याच जणांचं त्याच्यावरच भागते.

साफसफाई माझ्या बायकोनं अंगावर घेतली आहे. दरवेळी कप अन् माउथपीस कोमट साबणाच्या पाण्यानं धुवून, स्वच्छ पाण्यानं काढून, धुतलेल्या कपड्यावर वाळवते. रविवारी पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, अर्धा तास बुडवून, नंतर उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचं. नळी धुवायची नाही. मी पहिल्याच हप्त्यात धुतली होती, आत थेंब राहिले अन् काळे ठिपके पडले, फेकावी लागली. नळीत ओल दिसली तर कप काढून मशीन नुसती दोन-तीन मिनिटं चालवायची. मशीनचा फिल्टर म्हणजे पांढरा गोल स्पंज, दोन महिन्यात काढून पाहिला तर कोळशासारखा काळा. मशीन चुलीच्या बाजूच्या खोलीत ठेवत होतो ना. तो स्पंज मायनं हातात धरून लय वेळ पाहिला. म्हणाली, "हे माह्या छातीतही असंच असन का रे?" त्याच महिन्यात चूल घराबाहेर गेली.

मशीननं सगळं होत नाही हे पण सांगतो. जानेवारीत कापसाच्या गाठोड्यापाशी बसली अन् दम लागला, मशीन लावून फरक नाही, दोन शब्दावर थांबून राहिली, ओठ निळे दिसले. तिसऱ्यांदा लावत बसलो नाही, 108 ला फोन केला.

कप-माउथपीसचं किट एप्रिलमध्ये बदललं, 200 रुपये. आता पावसाळ्यात मशीन डब्यात झाकून ठेवतो, अन् सोयाबीन सोंगायच्या आधी एक जास्तीचं किट अन् दोन फिल्टर आणून ठेवणार आहे. मळणीच्या आठ दिवसांसाठी मायला बहिणीकडे पाठवायचं ठरलं आहे, मशीन सोबत.