हरवलेली वस्तू: नजर जाईल तिकडे शोधायची की पट्टे पाडून?

दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय. खारघरच्या सेंट्रल पार्कात बायकोच्या कानातली कुडी गवतात पडली, मोत्याची, तिच्या आईने दिलेली.

पहिला सव्वा तास नजर जाईल तिकडे शोधलं. फायदा आहेच, लगेच सुरू करता येतं आणि जिथे बसलो होतो तिथेच आधी हात जातो, बऱ्याचदा तिथेच सापडतंही. पण मला जे सहन झालं नाही ते म्हणजे "अगं इथे बघितलं ना आपण?" एकाच झुडपाखाली मी तीनदा वाकलो, ती दोनदा, आणि बाकामागचा भाग दोघांनाही वाटलं दुसऱ्याने बघितलाय. न सापडण्याचं एवढं नाही, पण किती उरलंय तेच कळत नाही, मग थांबायचं तरी कधी?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी बर्नार्ड कूपमन यांनी पाणबुड्या शोधायचं गणित मांडलं त्यातही हेच येतं. जागा जेवढी तेवढीच नजर फिरवली पण कशीही, तर सापडायची शक्यता साधारण ६३ टक्के, दुप्पट फिरवली तर ८६, कारण बरीचशी मेहनत बघितलेल्या जागेवरच पुन्हा जाते. पट्ट्यांनी एका फेरीत १००, अर्थात कागदावर, गवतात मोती सुटतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी आणि चार खुंट्या घेऊन गेलो, हातभर रुंदीचे पट्टे. उभ्या पट्ट्यांत नाही मिळाली, आडव्यांत मिळाली, तिरक्या उन्हात चमकली. म्हणजे "बघून झालं" म्हणून जागा कायमची बाद करू नका. २००९ मध्ये अटलांटिकमध्ये पडलेलं एअर फ्रान्सचं विमान २०११ मध्ये सापडलं तेही असंच, विमानातले बीकन, म्हणजे पाण्याखालून आवाज काढून जागा कळवणारी यंत्रं, बंद पडले असतील असं धरून आधी ऐकून झालेल्या भागाचा पुन्हा विचार केला तेव्हा.

मांजर हरवली असेल तर मात्र पट्ट्यांचा आग्रह धरणार नाही, ती बघून झालेल्या पट्ट्यात परत जाऊन बसते. अंधार पडत आला असेल तरी पहिली दहा मिनिटं संशयाच्या जागा बघून घ्या. त्यानंतर मी तरी पट्टेच पाडीन. सुतळी नसेल तर चपला, पाण्याची बाटली, ओढणी, काहीही हद्दीला ठेवा, आणि कुठला पट्टा कोणाचा ते सुरू करायच्या आधीच मोठ्याने ठरवा.