केमोत हृदय सांभाळणारी पावडर : पैसे देण्याआधी डबा उलटा करून वाचा

केमोचं दुसरं सायकल, म्हणजे औषधाची दुसरी फेरी, होतं, पेशंट घरी येतो आणि त्याच आठवड्यात फोन वाजतो. समोरचा स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवतो. ‘लाल औषधानं हार्ट कमजोर होतं, डॉक्टर हे सांगत नाहीत. आमचं अँटिऑक्सिडंट लगेच सुरू करा.’ तीन महिन्यांचे डबे एकदम घ्यायचे, पैसे आगाऊ, पक्कं बिल नाही. घाबरलेलं घर त्या क्षणी हिशेब करत बसत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

बोलणं पटतं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. सलाईनमधून जाणारं लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते लोहाच्या साथीनं फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार करतं आणि हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. मग हे रेणू निष्प्रभ करणारं अँटिऑक्सिडंट दिलं की झालं, असं वाटतं. पण ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही दोन्ही अँटिऑक्सिडंट १९८०च्या दशकातच पेशंटना देऊन पाहिली होती, हृदय वाचलं नाही. कारण हे औषध हृदयाच्या पेशींतल्या टोपोआयसोमरेज-२-बीटा या विकरालाही (एन्झाइमलाही) धरतं, त्यातून डीएनए तुटतो. तिथे पावडरीचं काही चालत नाही. उलट अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंटच्या एका पाहणीत, केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अशा गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याकडे कल दिसला. घेणाऱ्यांची संख्या लहान होती, त्यामुळे तो शेवटचा शब्द नाही. पण ‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणणारा ही गोष्ट तुमच्यापासून लपवतो, याचा आम्हाला संताप येतो.

हृदय खरं जपलं जातं ते डोस मोजून. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर ६० मिलिग्रॅम, अशी चार सायकल्स म्हणजे २४० मिलिग्रॅम. बेरीज ४००च्या पुढे गेली की धोका झपाट्यानं वाढतो. केमोआधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो, मध्येही करतात. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ६०वरून ४८वर आला, तर दम लागायच्या आधीच कळतं. निवडक पेशंटना डेक्सराझोक्सेन हे हृदय जपणारं औषध देतात, डॉक्सोरुबिसिनच्या दहापट मात्रेत, त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात, शिरेतून. ते डब्यात मिळत नाही.

आता डबा उलटा करा. चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक दिसेल. तो अन्नपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नाही. जवळच बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ (औषध म्हणून वापरासाठी नाही) छापलेलं असतं. फोनवर जे छातीठोक सांगितलं, ते इथे त्यांनीच नाकारलेलं आहे.

कर्करोग आणि हृदयविकार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं मनाई आहे. रिकामा डबा, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५वर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

पावडर सुरू केली असेल तर डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. पुढच्या सायकलच्या आधी डबा ओपीडीत न्या आणि कोणत्या तारखेपासून, दिवसाला किती चमचे घेतले, ते केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा.