कायद्यांचा खुला संग्रह: पीडीएफ, एक्सएमएल की लिंक्ड डेटा?

पुण्यातील एखादे विधी महाविद्यालय किंवा नागरी संस्था केंद्राचे व राज्याचे अधिनियम सर्वांसाठी खुले करू पाहत असेल, तर तिच्यापुढे तीन मार्ग आहेत.

राजपत्राच्या पीडीएफ मांडून ठेवणे सर्वांत स्वस्त. पण ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर अधिनियम आधीच मोफत मिळत असल्याने त्यात फारशी भर पडत नाही. शिवाजीनगरला वकिली करणाऱ्याला मुळशीतील कुळाच्या जमिनीचा जुना व्यवहार तपासायचा असतो, तेव्हा कूळकायद्याचे कलम ४३ आज काय म्हणते एवढ्याने भागत नाही. व्यवहाराच्या दिवशी ते काय म्हणत होते, हे त्याला हवे असते आणि पीडीएफच्या ढिगातून ते सहजी हाती लागत नाही. शिवाय १९४८ च्या या ६७ क्रमांकाच्या अधिनियमाच्या नावातील ‘मुंबई’च्या जागी पुढे ‘महाराष्ट्र’ आले. नावावर बेतलेला दुवा अशा वेळी निकामी होतो, तर वर्ष आणि क्रमांक यांवर बेतलेला टिकतो.

दुसरा मार्ग ‘अकोमा न्टोसो’ या एक्सएमएल रचनेचा, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागावर यंत्राला वाचता येणारी खूण करण्याचा. माहितीची मानके ठरवणाऱ्या ओएसिस संस्थेने २०१८ मध्ये ती मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात कलम, पोटकलम, परंतुक, अनुसूची यांना वेगवेगळी खूण करता येते आणि दुरुस्तीची तारीखही नोंदवता येते. मात्र जुन्या फाँटमधील मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून तपासावा लागतो आणि मनुष्यबळ खरे खर्च होते ते तिथेच.

तिसरा मार्ग लिंक्ड डेटाचा, म्हणजे प्रत्येक कायद्याला व कलमाला वेबवर पत्ता देऊन त्यांच्यातील संबंध यंत्राला वाचता येतील असे नोंदवण्याचा, आणि माझा कौल त्यालाच आहे. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जने २०१० पासून चालवलेल्या कायद्यांच्या संकेतस्थळावर मानवी हक्क कायद्याचा पत्ता ‘१९९८, ४२’ असा, म्हणजे वर्ष आणि क्रमांक असा, आहे. त्यापुढे कलम आणि तारीख जोडली की त्या दिवशीचा मजकूर मागता येतो आणि त्याविषयीची माहिती आरडीएफमध्येही, म्हणजे असे संबंध नोंदवण्याच्या यंत्रवाचनीय स्वरूपातही, मिळते. युरोपीय संघाने २०१२ मध्ये पुरस्कारलेल्या ‘ईएलआय’ या कायद्यांना ओळखपत्ते देण्याच्या पद्धतीमध्ये कोणत्या कायद्याने कोणता कायदा दुरुस्त वा निरसित केला, हे संबंध यंत्राला वाचता येतील असे लिहिण्याची सोय आहे.

इथे एक काळजी अत्यावश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने भारतीय दंड संहितेची जागा घेतली, ही कायद्यानेच ठरलेली गोष्ट आहे. परंतु जुन्या कलम ३०२ समोर नवे कलम १०३ ठेवणे हे संपादकाचे काम आहे. हे दोन्ही संबंध एकाच प्रकारात नोंदवले, तर वाचणारा संपादकाच्या मताला कायदा समजून बसेल.

तेव्हा आधी प्रत्येक कलमाला कायमचा पत्ता द्यावा, त्यावर साधा एचटीएमएल मजकूर ठेवावा, आरडीएफ केवळ तारखा व संबंधांपुरते वापरावे आणि अकोमा न्टोसोचा खर्च कूळकायद्यासारख्या वारंवार दुरुस्त होणाऱ्या अधिनियमांवरच करावा. आरडीएफमधील माहितीला थेट प्रश्न विचारू देणाऱ्या स्पार्क्ल सेवेचा सांभाळ सुरुवातीला परवडणार नाही. आरडीएफच्या फाइली उतरवून घेता आल्या तरी पुरे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाचे कलम ५२ अधिनियमाचा मजकूर प्रसिद्ध करण्याची मुभा देते, पण सोबत भाष्य किंवा अन्य स्वतंत्र मजकूर असावा अशी अट घालते. म्हणून प्रत्येक अधिनियमासोबत आपली टीप हवी आणि पडताळणीसाठी राजपत्राची पीडीएफही त्याच पत्त्यावर हवी.